वेळेवर विझवलेला प्रकाश

काचेची एक छोटी पेटी, तीन सेंटिमीटर रुंद. तिच्या भिंतींचं तापमान खोलीइतकंच, म्हणजे सुमारे ३०० केल्विन. भिंतींपासून दीड सेंटिमीटरवर, मधोमध अधांतरी, रुबिडियमच्या लाखभर अणूंचा ढग आहे आणि त्याचं तापमान आहे १०० नॅनोकेल्विन. दोन्हींत तीनशे कोटी पटींचा फरक. मधे ना द्रव हेलियम, ना कसलं आवरण. नुसती पोकळी.

हे टिकतं कसं? भिंती उष्णता फेकत असतातच, पण ती मुख्यतः दहा मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीची. रुबिडियमचा अणू जोरकस प्रतिसाद देतो तो ७८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला. भिंतींच्या उष्णतेकडे तो ढुंकूनही पाहत नाही. भिंतींशी त्याचा संबंध येतो तो तिथून सुटलेल्या वायूच्या एखाद्या रेणूमार्फत, आणि तो रेणू आदळला की अणू थेट सापळ्याबाहेर जातो. त्यामुळे या कामात खरी काळजी असते ती अणूला धक्का लागू न देण्याची. सगळ्यात जास्त धक्के देणारी गोष्ट मात्र आपणच तिथे सोडलेली असते: ज्यानं अणू थंड केले तो प्रकाश. माझ्या मते अणू थंड करण्याच्या या क्षेत्रातलं कसब प्रकाश लावण्यात जेवढं आहे, त्याहून जास्त तो नेमक्या क्षणी काढून घेण्यात आहे. लेसरबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, तो अडवणाऱ्या झडपेबद्दल, म्हणजे शटरबद्दल, फारच कमी.

तापमान म्हणजे इथे अणूंचा वेग, एवढं धरून चाललं तरी पुरतं. ३०० केल्विनला रुबिडियम-८७ चा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर पळतो. १०० नॅनोकेल्विनला सेकंदाला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. यांच्या शेजारी तिसरा आकडा ठेवू: ७८० नॅनोमीटरचा एकच फोटॉन शोषला की अणूचा वेग सेकंदाला ५.९ मिलिमीटरनं बदलतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर अणूचा सगळा वेग एका फोटॉनच्या धक्क्याहूनही कमी असतो. पुढचं जवळजवळ सगळं या तीन आकड्यांतून निघतं.

आधी पहिला आकडा. सेकंदाला ३०० मीटर वेगानं येणाऱ्या अणूला समोरून फोटॉन मारत थांबवायचं तर साधारण पन्नास हजार फोटॉन लागतात. ऐकायला अशक्य वाटतं, पण अणू फोटॉन शोषून पुन्हा सोडायला फार वेळ घेत नाही. उत्तेजित पातळीचं आयुष्य २६ नॅनोसेकंद. भरपूर प्रकाश असेल तर दर सेकंदाला जवळपास दोन कोटी फोटॉन शोषले जातात आणि त्यातून मिळणारं अवत्वरण, म्हणजे वेग घटण्याचा दर, सेकंदाला सेकंदामागे एक लाख दहा हजार मीटर भरतं, गुरुत्वत्वरणाच्या अकरा हजार पट. या हिशेबानं अणू तीन मिलिसेकंदांच्या आत आणि चाळीस-एक सेंटिमीटरमध्ये थांबायला हवा.

तसा तो थांबत नाही, कारण मधे डॉप्लर परिणाम येतो. अणूचा वेग सेकंदाला एक मीटरनं बदलला की त्याला ‘दिसणारी’ प्रकाशाची वारंवारता १.२८ मेगाहर्ट्झनं सरकते. अणू ज्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो तिला रेषा म्हणतात, आणि रुबिडियमच्या रेषेची नैसर्गिक रुंदी अवघी ६ मेगाहर्ट्झ. दोन-चार हजार फोटॉन शोषले की अणू इतका मंदावतो की तो लेसर त्याच्या लेखी नाहीसाच होतो. विल्यम फिलिप्स आणि हॅरॉल्ड मेटकाफ यांनी १९८२ मध्ये यावर काढलेला उपाय मला आजही फार देखणा वाटतो. अणू ज्या नळीतून येतात तिच्याभोवती कॉइल अशी गुंडाळायची, की चुंबकीय क्षेत्र नळीच्या लांबीभर हळूहळू बदलत जाईल. क्षेत्रामुळे अणूच्या पातळ्या सरकतात. हे सरकणं डॉप्लरच्या सरकण्याइतकंच ठेवलं, तर मंदावणारा अणू सगळ्या वाटेवर लेसरशी जुळलेला राहतो.

आज बऱ्याच प्रयोगांत ही नळी लागत नाही. रुबिडियमची विरळ वाफ पेटीत सोडतात आणि त्यातले जे थोडे अणू मुळातच हळू असतात, सेकंदाला तीसेक मीटरच्या आतले, तेवढेच पकडतात. उरलेले भिंतींवर आदळून पुन्हा वाफेत येतात. कधीतरी त्यांचीही पाळी येते.

अणू सर्व दिशांना धावत असतील तर काय करायचं, हे १९७५ मध्येच सुचवलेलं होतं: एकीकडे थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी, दुसरीकडे डेव्हिड वाइनलँड आणि हान्स डेमेल्ट यांनी. लेसरची वारंवारता अणूच्या वारंवारतेपेक्षा किंचित कमी ठेवायची आणि सहा बाजूंनी किरण सोडायचे. अणू ज्या किरणाच्या दिशेनं जातो तो किरण डॉप्लरमुळे त्याला जास्त जुळतो, म्हणून विरोध नेहमी समोरून होतो. स्टीव्हन चू यांच्या गटानं १९८५ मध्ये सोडियमवर हे करून दाखवलं. अणू जणू दाट काकवीत अडकावा तसा त्या प्रकाशात रेंगाळतो, म्हणून त्याला ‘ऑप्टिकल मोलॅसिस’ हे नाव पडलं.

‘किंचित कमी’ म्हणजे किती? रुबिडियमसाठी १२ ते १८ मेगाहर्ट्झ. लेसरची मूळ वारंवारता आहे ३८४ टेराहर्ट्झ. ती एका मेगाहर्ट्झच्या आत धरून ठेवायची, म्हणजे अडतीस कोटींत एक भाग इतकी अचूकता. हे साधतं ते डायोड लेसरनं, पण एकट्या डायोडनं नाही. त्याच्यासमोर विवर्तन जाळी बसवतात. ती प्रकाशाचा एक भाग डायोडमध्ये परत पाठवते, त्यामुळे लेसर एका अरुंद वारंवारतेवर चालतो. जाळीमागे पिझो, म्हणजे विजेनं कणभर लांबणारा स्फटिक, असतो, डायोडचं तापमान मिलिकेल्विनच्या अचूकतेनं स्थिर ठेवतात आणि विद्युतप्रवाह मायक्रोअँपियरनं जुळवतात. या तिघांचा मेळ बिघडला की लेसर एका मोडवरून दुसऱ्यावर उडी मारतो. वारंवारता क्षणात गिगाहर्ट्झनं सरकते, कॅमेऱ्यावरचा ढग नाहीसा होतो, आणि बाकी सगळं जागच्या जागी दिसत असल्यानं काय बिघडलं ते पटकन कळतही नाही.

अचूकतेचा मापदंड मात्र रुबिडियमच देतो. वाफेनं भरलेल्या छोट्या काचनळीतून लेसरचे दोन किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी पाठवतात. एकट्या किरणाला शोषणाची ५०० मेगाहर्ट्झ रुंदीची दरी दिसते. दोन्ही किरण मिळून फक्त स्थिर अणूंशी जुळतात, म्हणून त्या दरीच्या तळाशी बारीक टोकं उगवतात. त्यांतल्या काही टोकांमागे अणूची खरी पातळी नसते. दोन पातळ्यांच्या बरोब्बर मधे जी टोकं येतात, त्यांना ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. गंमत अशी की सर्वांत ठसठशीत टोक क्रॉसओव्हरचंच असतं. रुबिडियम-८७ मध्ये ते थंड करण्याच्या रेषेच्या १३३ मेगाहर्ट्झ खाली येतं. लेसर त्यावर लॉक करतात, म्हणजे त्याची वारंवारता त्या टोकाशी बांधून ठेवतात, आणि मग ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मॉड्युलेटरमधून किरण दोनदा नेऊन त्याची वारंवारता ६० अधिक ६० अशी १२० मेगाहर्ट्झनं वर चढवतात. १३३ मधून १२० गेले, उरले १३. हवं तेवढंच. दोनदा नेण्याचं कारण असं, की एकाच फेरीत वारंवारता बदलली तर किरणाची दिशाही बदलते. परतीच्या फेरीत ती सरळ होते.

नवख्यांची सर्वसाधारण चूक इथेच होते. वाफेत रुबिडियम-८५, म्हणजे रुबिडियमचंच दुसरं समस्थानिक, जवळपास ७२ टक्के असतं आणि त्याची दरी अधिक खोल, अधिक देखणी दिसते. लॉक तिथे झाला तर एरर सिग्नल, म्हणजे वारंवारता टोकापासून किती सरकली ते दाखवणारा संकेत, निर्दोष असतो आणि पेटीत काहीच घडत नाही.

लेसर बरोबर लॉक झाला तरी ढग लगेच बनत नाही. अणूच्या ऊर्जापातळ्यांना ‘एफ’ हा क्रमांक देतात. थंड करणारी रेषा तळातल्या एफ बरोबर २ या पातळीवरून वरच्या ३ कडे जाते आणि अणू पुन्हा २ वरच परततो. हे चक्र बंद असायला हवं. पण वरची २ क्रमांकाची पातळी फक्त २६७ मेगाहर्ट्झवर आहे आणि हजारांतून एखाद्या वेळी अणू चुकून तिथे जातो. तिथून तो तळातल्या एफ बरोबर १ वर पडू शकतो, आणि ती पातळी ६.८ गिगाहर्ट्झ दूर. त्या अणूला आता थंड करणारा लेसर दिसतच नाही. सेकंदाला लाखो-कोटी फोटॉनांच्या वेगात ‘हजारांतून एखादी वेळ’ मिलिसेकंदाच्या आतच येते. म्हणून काही मिलिवॅटचा दुसरा लेसर लागतो, तो हरवलेल्या अणूंना परत चक्रात आणतो. त्याला रिपंप म्हणतात. तो बंद पडला की पाणी ओतल्यासारखा सगळा ढग विझतो. ढग गेला तर आधी रिपंप तपासावा.

मोलॅसिसमध्ये अणू मंदावतात, पण एका जागी बांधलेले नसतात. हळूहळू पसरत ते प्रकाशाबाहेर जातात. त्यांना मध्याकडे ओढायला दोन कॉइल लावतात, ज्यांतून प्रवाह उलटसुलट दिशांनी वाहतो. मध्यभागी क्षेत्र शून्य आणि तिथून बाहेर सेंटिमीटरमागे १० गॉसनं वाढणारं. समोरासमोरच्या किरणांना विरुद्ध वर्तुळाकार ध्रुवीकरण दिलं, की मध्यापासून सरकलेला अणू परत ढकलणाऱ्या किरणाशीच जास्त जुळतो. ही कल्पना जाँ दालिबार यांची, आणि १९८७ मध्ये ती प्रत्यक्षात उतरली. नाव मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप, बोलताना सगळेच ‘मॉट’ म्हणतात. वीस-पंचवीस मिलिमीटर रुंदीचे किरण, प्रत्येकी दहा-वीस मिलिवॅट, एवढ्यावर काही सेकंदांत दहा कोटी ते शंभर कोटी अणू गोळा होतात. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात मॉटचा पांढरा ठिपका उजळतो तेव्हा, तो कितीही वेळा पाहिलेला असला तरी, आनंद होतोच.

ठिपका उजळला नाही, तर बहुतेक वेळा दोष ध्रुवीकरणात असतो. किरणाला वर्तुळाकार ध्रुवीकरण देणाऱ्या सहा पाव-तरंग पट्ट्यांपैकी एक नव्वद अंशांनी चुकली की त्या अक्षावर सापळा अणूंना आत ओढण्याऐवजी बाहेर फेकतो. तपासायची एक सोपी युक्ती आहे: कॉइलमधला प्रवाह उलटा करून पाहायचा. ढग दिसला तर सगळीच ध्रुवीकरणं एकसारखी उलट आहेत. तरीही दिसला नाही तर त्यांच्यात आपापसांतच मेळ नाही. ढग बनतो पण गोल गोल फिरतो, तेव्हा समोरासमोरचे किरण एकमेकांवर नीट पडत नसतात. सकाळी मोठा असलेला ढग दुपारी लहान झाला, तर बहुधा खोलीचं तापमान बदलून ऑप्टिकल फायबरमधलं ध्रुवीकरण सरकलेलं असतं आणि फायबरपुढच्या पोलरायझरनं ते शक्तीतल्या चढउतारात बदललेलं असतं.

आता पोकळीबद्दल थोडं सविस्तर, कारण वाचताना इथेच लोक घाई करतात. दाब सुमारे १० चा उणे ११ वा घात मिलिबार हवा, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा शंभर लाख कोटीवा भाग. इतक्या विरळतेत अणू सापळ्यात मिनिटभर आणि त्याहून जास्त टिकतात. दाब हजार पटींनी वाढला तर सेकंदभरही मुश्कील. जोडणी स्टीलच्या चकत्यांची, मधे तांब्याचं वायसर. चकत्यांवरची धारदार कड तांब्यात रुतते आणि फट बुजते. ते वायसर एकदाच वापरायचं. उघडलेल्या जोडाला तेच पुन्हा लावणं ही पैशांची बचत नव्हे, आठवड्यांची नासाडी आहे. आतल्या भागाला उघड्या हाताचा स्पर्शही चालत नाही, कारण बोटावरचं तेल महिनोन्‌महिने बाष्प सोडत राहतं.

सगळं जोडून झालं की पेटीला हीटिंग टेप आणि अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून ती भाजतात, दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसवर, आठवडाभर किंवा अधिक. धातूच्या पृष्ठभागावर चिकटलेलं पाणी असंच निघतं. तापमान तासाला काही अंशांनीच चढवायचं आणि तितक्याच सावकाश उतरवायचं, कारण काच आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि घाई केली की जोड तडकतो. शेवटी पेटीत उरतो तो मुख्यतः हायड्रोजन, स्टीलच्या अंगातून झिरपत येणारा. आयन पंप आणि गेटर (वायू शोषून धरणारा पदार्थ) त्याला सतत खात राहतात.

इथे एक पेच आहे. मॉट भरायला रुबिडियमची वाफ हवी, आणि पुढच्या टप्प्यांना तीच वाफ घातक. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन पेट्या असतात. एकीत वाफ असते आणि तिथून अणूंचा झोत एका बारीक भोकातून दुसऱ्या, स्वच्छ पेटीत ढकलतात. भोक इतकं बारीक, की दोन्हीकडच्या दाबांत हजारपट फरक टिकून राहतो.

मॉटमध्ये अणू किती थंड होतात? साधा सिद्धांत सांगतो १४६ मायक्रोकेल्विन. शोषण समोरून होतं, पण सोडलेला फोटॉन कुठल्याही दिशेला जातो, आणि त्या स्वैर धक्क्यांमुळे येणारी उष्णता थंड होण्याच्या वेगाशी बरोबरी करते तिथे तापमान अडकतं. सोडियमसाठी ही मर्यादा २४० मायक्रोकेल्विन. १९८८ मध्ये फिलिप्स यांच्या गटाला मोजमापात मिळाले ४० च्या आसपास. प्रयोगातलं उत्तर सिद्धांताहून सहापट चांगलं येणं ही दुर्मिळ गोष्ट. त्यांनी त्यावर सहज विश्वास ठेवला नाही, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून खात्री केली. स्पष्टीकरण दालिबार आणि क्लोद कोएन-तानूजी यांनी दिलं आणि चू यांच्या गटानंही. समोरासमोरच्या किरणांमुळे ध्रुवीकरण जागोजागी बदलतं, त्यामुळे अणूच्या तळातल्या उपपातळ्यांची ऊर्जा चढउतारांसारखी होते. अणू चढण चढतो, गती गमावतो, आणि चढणीच्या माथ्याशी आला की प्रकाश त्याला दुसऱ्या उपपातळीच्या दरीत टाकतो. पुन्हा चढण. फिलिप्स, चू आणि कोएन-तानूजी यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

या चढणींचा लाभ घ्यायचा तर क्रम काटेकोर पाळावा लागतो. आधी कॉइल बंद. मग पाच-दहा मिलिसेकंद लेसर रेषेपासून ६० ते १०० मेगाहर्ट्झ दूर न्यायचा आणि त्याची तीव्रता उतरवत न्यायची. या काळात चुंबकीय क्षेत्र शून्य हवं, दहा-वीस मिलिगॉसच्या आत, आणि पृथ्वीचंच क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं. ते पुसायला तीन दिशांना तीन जोड्या कॉइल लावतात. मुख्य कॉइलमधला प्रवाह तोडला तरी भोवतालच्या धातूत घुमणारे प्रवाह काही मिलिसेकंद क्षेत्र जिवंत ठेवतात. कॉइलच्या धातूच्या चौकटीला एक चीर पाडली तर हे प्रवाह फिरूच शकत नाहीत. यंत्र बांधताना ती चीर विसरली, तर नंतर मोलॅसिस का जमत नाही याचा शोध आठवडे खातो.

रुबिडियम आता १० मायक्रोकेल्विनवर आलं. आणि इथे प्रकाशाचं काम संपतं. थंडी वाढली तर एकेका फोटॉनचा धक्का आड येतो, गर्दी वाढली तर एका अणूनं सोडलेला फोटॉन शेजारचा शोषतो आणि ढग आतून फुगतो. म्हणून इथून पुढे अंधार लागतो, आणि तो अगदी खराखुरा. मॉड्युलेटर मायक्रोसेकंदात प्रकाश तोडतो, पण दहा हजारांतला एखादा भाग गळत राहतो. ही गळती अणूच्या रेषेवर पडली तर प्रत्येक अणू सेकंदाला हजारो फोटॉन शोषतो. त्यामुळे मॉड्युलेटरमागे यांत्रिक शटर असतं. ते मिलिसेकंदानं मागे असलं तरी पूर्ण बंद करतं. ते टेबलावर आपटून हादरे देतं, म्हणून रबरावर किंवा वेगळ्या आधारावर बसवतात. टेबलाभोवती काळे पडदे, मॉनिटरच्या दिव्यांवर काळी टेप. बाहेरून पाहणाऱ्याला हे अतिरेकी वाटेल, पण गणित ज्यानं केलंय त्याला नाही.

अंधारात अणू धरायचे दोन मार्ग आहेत. पहिला चुंबकीय. रिकाम्या जागेत स्थिर क्षेत्राचा कमाल बिंदू असूच शकत नाही, किमान बिंदू असू शकतो. म्हणून कमी क्षेत्राकडे ओढले जाणारे अणूच पकडता येतात, आणि त्यासाठी सापळ्याआधी प्रकाशाची एक छोटी झलक देऊन सगळ्यांना योग्य उपपातळीत आणतात. नुसतं गुरुत्वाविरुद्ध तोलायलाच सेंटिमीटरमागे १५ गॉस लागतात, घट्ट सापळ्याला त्याच्या दहापट. कॉइलमधून शेकडो अँपियर वाहतात, म्हणून ती पोकळ तांब्याच्या नळीची करतात आणि आतून पाणी खेळवतात. पाणी अडलं तर प्रवाह आपोआप तुटेल अशी सोय नसलेलं यंत्र चालू करू नये.

साध्या चुंबकीय सापळ्याचं वैगुण्य त्याच्या केंद्रातच आहे. जिथे क्षेत्र शून्य, तिथे अणूच्या चुंबकीय सुईला दिशा उरत नाही. ती उलटते आणि अणू बाहेर फेकला जातो. ढग जितका थंड, तितका तो केंद्राजवळ जमतो, आणि गळतीही तितकी वाढते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरला एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी हे शून्य फिरतं ठेवलं, अणूंना ते गाठताच येऊ नये म्हणून. एमआयटीत वोल्फगांग केटर्ली यांनी त्या भोकावर अणूंना दूर सारणाऱ्या लेसरचा बूच बसवला.

दुसरा मार्ग पुन्हा प्रकाशाचाच, पण असा प्रकाश जो अणू जवळपास शोषतच नाही. १०६४ नॅनोमीटरचा पाच वॅटचा किरण साठ मायक्रोमीटरच्या त्रिज्येला एकाग्र केला तर सुमारे १४० मायक्रोकेल्विन खोलीची दरी तयार होते. अणू तिच्यात सेकंदाला सुमारे सहाशे वेळा आडवे हेलकावतात आणि फोटॉन क्वचितच शोषतात. इथे शत्रू वेगळा असतो: किरणाच्या शक्तीतली थरथर. झोपाळ्यावर उभा राहून झोका चढवणारा माणूस एका फेरीत दोनदा गुडघे वाकवतो, तशी लेसरची शक्ती हेलकाव्याच्या दुप्पट वारंवारतेनं थरथरली की अणू तापत जातात. सहाशेच्या सापळ्यासाठी बाराशे हर्ट्झजवळचा गोंगाट पाहावा लागतो. किरणाची दिशा हलत असेल तर सहाशेजवळचाच. म्हणून शक्ती फोटोडायोडवर मोजून सतत सुधारत राहतात, आणि तो फोटोडायोड पेटीच्या आधी न ठेवता पेटीतून पार झालेल्या किरणावर ठेवणं मला जास्त विश्वासाचं वाटतं.

सापळा कुठलाही असो, शेवटचा टप्पा बाष्पीभवनाचा. सर्वांत तापलेले अणू सापळ्याच्या काठापर्यंत चढतात. काठ थोडा उतरवला की ते निघून जातात, उरलेले एकमेकांवर आदळून पुन्हा समतोल साधतात, पण आधीपेक्षा थंड. चुंबकीय सापळ्यात काठ रेडिओलहरींनी उतरवतात, वीस-तीस मेगाहर्ट्झपासून एकाच्या आसपास, दहा ते तीस सेकंदांत. प्रकाशाच्या सापळ्यात लेसरची शक्तीच उतरवतात. तिथे काम काही सेकंदांत होतं, पण दरी उथळ होताना सैलही होते आणि टकरी मंदावतात. घाई केली तर समतोल साधायच्या आत अणू वाया जातात. रेंगाळलं तर पोकळीतला उरलासुरला वायू आणि तिघा अणूंच्या टकरी ढग खातात. शंभरातले नव्याण्णव अणू तरी सोडून द्यावे लागतात. एका अवस्थेत एकाहून जास्त राहू न शकणाऱ्या अणूंना फर्मिऑन म्हणतात. एकाच अंतर्गत चुंबकीय अवस्थेतले असे अणू इतक्या थंडीत एकमेकांवर आदळतच नाहीत, म्हणून १९९९ मध्ये पोटॅशियम-४० वर काम करताना डेबोरा जिन यांनी दोन वेगवेगळ्या चुंबकीय अवस्थांचं मिश्रण वापरलं.

१०० नॅनोकेल्विनला रुबिडियमच्या अणूची तरंगलांबी अर्ध्या मायक्रोमीटरहून थोडी जास्त होते. खोलीच्या तापमानाला ती एका नॅनोमीटरचा शंभरावा भाग असते. अणूंमधलं अंतर तरंगलांबीइतकं उरलं की सगळे एकाच अवस्थेत जमू लागतात. सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ चा लेख आणि त्यावरून आइन्स्टाइन यांनी पुढच्या वर्षी काढलेला निष्कर्ष ५ जून १९९५ रोजी बोल्डरमध्ये दिसला: सुमारे दोन हजार अणू, १७० नॅनोकेल्विन. कॉर्नेल, वायमन आणि केटर्ली यांना २००१ चं नोबेल मिळालं.

‘दिसला’ म्हणजे सावलीत दिसला. सापळा बंद करून ढग वीस मिलिसेकंद पडू देतात, तेवढ्यात तो दोन मिलिमीटर खाली येतो. मग रेषेवरच्या प्रकाशाची पन्नास-शंभर मायक्रोसेकंदांची झलक देऊन ढगाची सावली कॅमेऱ्यावर घेतात. तीन चित्रं लागतात: अणूंसह, अणूंशिवाय आणि प्रकाशाशिवाय. तिसरं पहिल्या दोहोंतून वजा करून गुणोत्तर काढलं की प्रत्येक ठिकाणी किती अणू होते ते कळतं. ढग किती पसरला त्यावरून तापमान मिळतं. १० मायक्रोकेल्विनचा ढग वीस मिलिसेकंदांत सहा दशांश मिलिमीटर फाकतो. पहिल्या दोन चित्रांच्या मधल्या वेळात एखादा आरसा कणभर जरी थरथरला, तर सावलीवर पट्टे उमटतात आणि दोनशे अणूंचा ढग पट्ट्यात लपून जातो. पंखे, पाण्याचे पाइप, शटर, सगळ्यांवर संशय घ्यावा लागतो. या चित्रानं ढग नष्टही होतो. पुढच्या चित्रासाठी मॉटपासून पुन्हा सुरुवात.

गेल्या दशकात या कामाचं आकर्षण ढगांकडून एकेका अणूकडे वळलं आहे. मायक्रोमीटरभर रुंदीच्या, मिलिकेल्विनभर खोल प्रकाशठिपक्यात, म्हणजे चिमट्यात, मॉटमधून अणू शिरतात. दोन शिरले तर थंड करणारा प्रकाशच त्यांची टक्कर घडवून दोघांनाही बाहेर काढतो. उरतो एक किंवा शून्य, साधारण निम्मी-निम्मी शक्यता. २०१६ मध्ये पॅरिसजवळच्या आणि हार्वर्डच्या गटांनी आधी चित्र घेऊन, मग हलत्या चिमट्यानं अणू उचलून रिकाम्या जागा भरल्या. २०२५ मध्ये कॅलटेकच्या गटाचा ६,१०० सिझियम अणूंचा रचनासंच प्रसिद्ध झाला.

इतक्या मोठ्या संचात पोकळीचा हिशेब पुन्हा पुढ्यात येतो. एकेक अणू सरासरी दहा मिनिटं टिकत असेल तर सहा हजार अणूंतून दर सेकंदाला दहा नाहीसे होतात. म्हणून पुंज (क्वांटम) संगणकासाठी काम करणारे गट गणित चालू असतानाच बाजूनं ताजे अणू आणू पाहतात. आणि तिथे सगळ्यात अवघड प्रश्न प्रकाशाचाच आहे. आतापर्यंत एका वेळी सगळीकडे प्रकाश असे, किंवा सगळीकडे अंधार. आता रुबिडियमच्या एका अणूची अवस्था वाचायला त्याच्यावर ७८० नॅनोमीटरचा प्रकाश पाडायचाय, त्याच वेळी शेजारच्या अणूनं आपली पुंजअवस्था जपायचीय, आणि त्याला एकच भरकटलेला फोटॉन पुरतो. त्यामुळे वेळेऐवजी अंतर वापरतात: वाचायचे अणू चिमट्यानं उचलून साधारण शंभर मायक्रोमीटर बाजूला नेतात, मॉट आणखी दूर ठेवतात. तेवढ्यानंही भागत नसेल तर जपायच्या अणूंवर १५२९ नॅनोमीटरजवळचा दुसरा लेसर टाकून त्यांची वरची पातळी सरकवतात, म्हणजे ७८० चा प्रकाश आला तरी त्यांना तो जुळत नाही. या दुसऱ्या लेसरची तीव्रता संचाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी ठेवणं हे सध्याचं नाजूक काम आहे, कारण ती जिथे कमी पडते तिथले अणू ७८० ला पुन्हा जुळू लागतात आणि आपली अवस्था गमावतात.